धुकं तेच, मग तुमचंच विमान जयपूरला का?

डिसेंबरची पहाट. मीटिंगसाठी मुंबईहून दिल्लीला निघालात आणि दाट धुक्यामुळे उतरलात थेट जयपूरला. फोन ऑन केला, तर दुसऱ्या फ्लाइटने निघालेल्या कलीगचा मेसेज : 'दिल्लीत पोचलो!' धुकं एकच, मग असं कसं?

उत्तर आहे 'कॅट थ्री-बी'. साध्या आयएलएस लँडिंगला, म्हणजे कॅट वनला, रनवेवर साधारण ५५० मीटरपर्यंतचं दिसावं लागतं. दिल्लीत कॅट थ्री-बीला ५० मीटरही पुरतं. फक्त तीन गोष्टी जुळायला हव्यात : रनवेवरची यंत्रणा, विमानातली उपकरणं आणि ट्रेनिंग झालेले पायलट. एक जरी कमी पडली, की गाडी अडलीच!

अशा धुक्यात विमान उतरवतो ऑटोपायलट. मग पायलट काय करतात? यंत्रांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवतात आणि काही बिघडलंच, तर लगेच विमान पुन्हा वर नेतात. सिम्युलेटरमध्ये मुद्दाम असे बिघाड करून याचीच तालीम घेतली जाते. वेळोवेळी परीक्षा असते, ती वेगळीच.

डिसेंबर २०२३च्या धुक्यात दिल्लीची बरीच विमानं दुसरीकडे वळवावी लागली. काही फ्लाइट्सच्या ड्यूटीवर हे ट्रेनिंग झालेले पायलटच नव्हते! जानेवारी २०२४मध्ये डीजीसीएने एअर इंडिया आणि स्पाइसजेटला प्रत्येकी ३० लाखांचा दंड ठोठावला.

तेव्हा पुढच्या वेळी जयपूरला अडकलात, तर पायलटवर चिडू नका. उतरायचं नाही, हा त्याचा निर्णय बरोबरच असतो. जाब विचारायचाच, तर ड्यूटी लावणाऱ्या कंपनीला विचारा.