ड्रिल पुढे, यंत्र मागे

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि ऱ्होड आयलंडमधली प्रॉव्हिडन्स टूल कंपनी मस्केट बंदुका बनवू लागली. बंदुकीच्या निपलला भोक पाडायला पिळाचं ड्रिल लागे, आणि त्याच्या पिळदार खाचा कारागीर बारीक गोल कानशीने हाताने घासून काढत. कंपनीतल्या फ्रेडरिक हाऊ यांनी ही कटकट यंत्रं बनवणाऱ्या जोसेफ ब्राऊन यांच्या कानावर घातली. ब्राऊन यांनी त्या खाचा कापणारं यंत्रच बनवलं आणि पहिलं यंत्र १८६२ मध्ये विकलं गेलं. तेच युनिव्हर्सल मिलिंग मशीन. पुढे गिअरही कापणाऱ्या या यंत्राचा जन्म ड्रिलच्या खाचेपोटी झालाय, हे मिलिंगवर उभं राहणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

१८६३ मध्ये स्टीफन मोर्स यांनी पिळाच्या ड्रिलचं पेटंट घेतलं. त्याआधी बहुतेक ठिकाणी चालायचं ते चपटं ड्रिल: लोहाराने ठोकून, पाणी देऊन, टोकाला धार काढलेलं. ते भोकात कीस भरून ठेवी. सारखं बाहेर काढा, साफ करा, पुन्हा घाला. शिवाय धार लावली की माप बदललंच. मोर्स यांच्या ड्रिलमध्ये कीस खाचेतून आपोआप वर येऊ लागला, आणि कितीदा धार लावली तरी माप जवळपास तेच राहिलं. पुढच्या काळात सगळं कौतुक पोलादाच्या वाट्याला आलं. माझ्या मते निम्मं श्रेय या खाचेचं आहे. पिलर ड्रिलच्या स्पिंडलमधला टेपर आजही मोर्स यांच्याच नावाने ओळखला जातो.

पोलादाची पाळी शतक संपताना आली. बेथलहेम स्टीलमध्ये फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी असं पोलाद तयार केलं, जे तापून लालसर झालं तरी धार सोडत नव्हतं. साधं कार्बन पोलाद सव्वादोनशे-अडीचशे अंशांच्या पुढे नरम पडतं. हे सहाशेच्या आसपासही टिकत होतं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात निळी चिप आणि लाल टोक पाहून लोक थक्क झाले. मग लक्षात आलं, हा वेग पेलणारी यंत्रंच कारखान्यात नाहीत. पट्टे घसरू लागले, गिअर तुटू लागले, सांगाडे नव्याने आखावे लागले. दुसऱ्या महायुद्धात टंगस्टन दुर्मिळ झाल्यावर मॉलिब्डेनमचा वापर वाढला. आजचं नेहमीचं एचएसएस (हायस्पीड स्टील) बहुधा त्याच वळणाचं: सुमारे ६ टक्के टंगस्टन, ५ टक्के मॉलिब्डेनम.

कार्बाईड आलं ते बल्बच्या धंद्यातून. ओसरामच्या कार्ल श्र्योटर यांना दिव्याची तार ओढायला टणक डाय हवी होती. त्यांचं पेटंट १९२३ चं. क्रुपने ते ‘विडिया’ नावाने कापायच्या हत्यारात आणलं. हे टणक खरं, पण ठिसूळ. हलणारी स्पिंडल त्याला मुळीच सोसत नाही.

आपल्या लहान वर्कशॉपमध्ये ड्रिल पुढे गेलं, यंत्र मात्र मागेच राहिलं. बाजारात कार्बाईड मिळतं, सोनेरी कोटिंगचं ड्रिल मिळतं, पण चालवायचं जुन्याच पिलर ड्रिलवर. मुंबईतली नागदेवी स्ट्रीट असो की पुण्यातली बोहरी आळी, दुकानदार माप विचारतो आणि फार तर धातू विचारतो. तुमच्या मशीनला किती आरपीएम आहे, हे कोण विचारतं! एमएसमध्ये (माइल्ड स्टील) ८ मिमीचं एचएसएस हजार आरपीएमच्या आसपास चालतं. सॉलिड कार्बाईडला त्याच्या तिप्पट वेग, पक्की स्पिंडल आणि भरपूर कूलंट लागतं. ते नसेल तर महागडं ड्रिल घेऊन तुकडे गोळा करण्यापेक्षा साधं एचएसएस बरं.

एसएसमध्ये (स्टेनलेस स्टील) तर पुष्कळांचा अंदाज चुकतो. ड्रिल कापत नाहीसं दिसलं की वेग वाढवतात आणि दाब कमी करतात. टोक नुसतं घासत राहतं, खालचा थर कडक होतो, मशीन किंचाळू लागतं आणि मग तिथे कोबाल्टचं ड्रिलही घसरतं. करायचं नेमकं उलट: ८ मिमीला चारशे-साडेचारशे आरपीएम, ठाम फीड, कटिंग ऑइल, आणि काप मध्येच न थांबवता काम पुढे. पितळात निराळीच खोड. ड्रिल स्वतःच आत ओढलं जातं आणि जॉब व्हाइससकट फिरतो. म्हणून जाणता फिटर धारेची पुढची बाजू ऑइलस्टोनने जराशी सपाट करून घेतो. बिडाला मात्र तेल नको, ते कोरडंच कापतात.

धार बरोबर लागली का, ते चिपवरून कळतं. एमएसमध्ये दोन्ही खाचांतून सारख्या जाडीच्या कुरळ्या चिपा निघाल्या तर ठीक. एकाच बाजूने निघत असतील तर एक ओठ, म्हणजे कापणारी कड, लांब राहिला आहे, आणि भोक मापापेक्षा मोठं होणार. फॅब्रिकेशनवाल्यांकडे हे ओळखणारे हात अजून आहेत. व्हीएमसीच्या शेडमध्ये तशी गरज उरली नाही. कार्बाईडला डायमंड व्हील लागतं, त्यामुळे बोथट झालेली ड्रिलं डब्यात साठवून एकदमच रिग्राइंडिंगला बाहेर पाठवतात.