जुन्या फ्लॅशची वायर का तडकते?

जुन्या कॅमेऱ्याचे शटर फ्लॅशशी जोडणाऱ्या वायरीचे आवरण बहुधा प्लगच्या तोंडाशी तडकते, कारण तेथे ती वारंवार वाकते आणि पीव्हीसीला लवचीक ठेवणारे तेलकट द्रव्य, म्हणजेच प्लॅस्टिसायझर, वर्षानुवर्षे झिरपून गेल्याने आवरण तेल न मिळालेल्या चामडी वहाणेसारखे कडक झालेले असते. उघड्या तारा एकमेकींना टेकल्या, की शटर न दाबताच फ्लॅश उडतो. काही जुन्या फ्लॅशमध्ये या तारांवर २०० व्होल्टहून अधिक दाब असल्याने वायर दोन्हीकडून काढूनच दुरुस्ती करावी. तडकलेल्या जागी चिकटपट्टी गुंडाळली, तर तिचा डिंक उन्हाळ्यात पाघळतो. त्यापेक्षा हीट श्रिंक नळी बरी, कारण ताणून थंड केलेले तिचे प्लॅस्टिक गरम हवा लागताच मूळच्या अरुंद आकाराकडे परतते आणि वायरीला घट्ट आवळते. आवरण जागोजागी तडकले असेल, तर मात्र नवी वायरच घालावी.