ट्रेलरचा एसी गार का करत नाही?

अमेरिकेत गाडीमागे जोडून न्यायच्या घराला, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलरला, छतावर बहुधा १३,५०० किंवा १५,००० बीटीयूचा एसी असतो. पंखा फिरतो पण गारवा नाही, अशा वेळी आधी थर्मामीटर घ्यावा. आत ओढल्या जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेत ८ ते १२ अंश सेल्सिअसचा फरक असेल तर यंत्र ठीक आहे. पातळ भिंतींचा ट्रेलर भर उन्हात उभा आहे, एवढंच.

फरक कमी भरला तर छताची जाळी उघडावी. फिल्टर धुळीने किंवा कुत्र्याच्या केसांनी तुंबला की हवा अडते आणि कॉइलवर बर्फ धरतो. कॉम्प्रेसर बंद ठेवून नुसता पंखा चालवला की तो वितळतो. जाळीच्या आत गार आणि परतीची हवा वेगळी ठेवणारा आडपडदा असतो. त्याची फॉइलची चिकटपट्टी सुटली तर गार हवा खोलीत न येता पुन्हा आतच ओढली जाते. हा दोष नव्याकोऱ्या ट्रेलरमध्येही सापडतो. दुरुस्तीला पट्टीचं एक रीळ पुरतं.

कॉम्प्रेसरची घरघरच ऐकू येत नसेल तर व्होल्टेज मोजावं. गर्दीच्या कॅम्पग्राउंडवर १२० व्होल्टचे १०५ झाले की कॉम्प्रेसर सुरू होताना अडखळतो. व्होल्टेज नीट असेल तर संशय कपॅसिटरवर. वीज तोडल्यावरही तो झटका देऊ शकतो, म्हणून ते काम जाणकाराचंच.

‘गॅस भरून घ्या’ हा सल्ला इथे फारसा चालत नाही. यातली बहुतेक यंत्रं सीलबंद असतात, गॅस भरायला तोंडच नसतं. गळती निघाली तर सहसा अख्खा एसीच बदलतात.