मागे राहिलेल्या पेट्या

घरातील वडीलधारे माणूस गेले, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला की एक प्रश्न उरतो : त्यांच्या पेटीचे काय करायचे? कपडे वाटले जातात, चष्मा फडताळात राहतो आणि कागद बहुधा रद्दीत जातात. 2021 मध्ये आलेल्या ‘मूव्ह टू हेवन’ या कोरियन मालिकेत मृतांच्या खोल्या आवरणारी, त्यांच्या वस्तू निवडून योग्य माणसाच्या हाती देणारी माणसे दाखविली आहेत. दक्षिण कोरिया व जपानमध्ये असा व्यवसाय खरोखरच आहे. विद्यार्थ्यांनी आम्हाला त्याविषयी विचारले, तेव्हा आम्हाला आपल्या नागपूरचीच हकीकत आठवली.

6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीत 26, अलीपूर रोड येथे परमपूज्य बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. मागे राहिले ते कपडे, पुस्तके आणि हस्तलिखितांचे ढीग. पुढे 1967 मध्ये ते घर रिकामे करताना कितीतरी कागद उघड्यावर टाकले गेले व पावसात भिजले. बाबासाहेबांचे सचिव नानकचंद रत्तू यांनी ही गोष्ट लिहून ठेवली आहे. त्या पावसात काय वाहून गेले, याची यादी कोणाजवळच नाही.

उरलेले कागद पेट्यांत बंद होऊन दिल्लीत सरकारी ताब्यात पडून होते. ते प्रसिद्ध व्हावेत म्हणून नागपूरचे वकील जे. बी. बनसोड न्यायालयात गेले. खटला वर्षानुवर्षे चालला. अखेर 1981 मध्ये महाराष्ट्र शासनाचे विशेष कार्य अधिकारी वसंत मून, तेही नागपूरचेच, दिल्लीस गेले आणि पाच लोखंडी पेट्या शासनाच्या ताब्यात आल्या. मग खरे काम सुरू झाले. प्रकरणे विखुरलेली, कुठे शेवटची पाने नाहीत, कुठे एकाच मजकुराच्या दोन प्रती. ती जुळवून 1987 मध्ये इंग्रजी ग्रंथमालेचे तिसरे व चौथे खंड निघाले. ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ हा निबंध आज आपण वाचतो तो या निवडानिवडीमुळेच. प्राचीन भारतातील क्रांती-प्रतिक्रांतीवरील लेखन मात्र अपुरेच हाती आले.

वस्तूंची वाट वेगळी. 1956 च्या धम्मदीक्षा सोहळ्याचे संयोजक वामनराव गोडबोले यांनी रत्तूंकडून मिळालेल्या वस्तू नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात जतन केल्या. कोट, हॅट, टंकलेखन यंत्र पाहायला लोक दुरून येतात. कोटापुढे माणूस हात जोडतो. अर्धवट टाईप केलेल्या पानापुढे क्वचितच कोणी थांबतो. आम्हाला मात्र ते पान अधिक मोलाचे वाटते.

आपल्या वस्त्यांतूनही दीक्षेच्या वेळचे फोटो, समता सैनिक दलाची पत्रके, जुन्या सभांच्या पावत्या पेट्यांत आहेत. पेटी उघडली तर गठ्ठे एकदम सोडू नयेत; कोणता कागद कशाजवळ होता, यावरूनही पुष्कळ कळते. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढाव्यात. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. आणि फोटोतले चेहरे ओळखणारी आजी घरात आहे तोवर मागच्या बाजूस मऊ पेन्सिलीने, न दाबता, नाव व गाव लिहून घ्यावे.