वही मिटल्यावर उरते ती बचत

गेल्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यातील ही गोष्ट. माझी नात सांगलीत वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला शिकत होती. महाविद्यालयात तिच्या प्रकल्पाचे सादरीकरण होते. विषय होता ‘महिला बचत गट आणि बँका’. दोन रात्री जागून तिने संगणकावर २६ स्लाइड तयार केल्या होत्या. दुपारी घरी आली ती थेट आपल्या खोलीत गेली. जेवली नाही. संध्याकाळी मी दार वाजविले तेव्हा म्हणाली, “आजोबा, मला सगळं येत होतं. पण सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी पडद्यावरचं नुसतं वाचत सुटले. पाचव्या मिनिटाला सरांनी थांबवलं. आता मी कॉलेजला जाणार नाही. परीक्षा बाहेरून देईन.”

पुढचे चार दिवस ती खरोखरच गेली नाही. सरांनी तीन आठवड्यांनी पुन्हा संधी देऊ केली होती. तिला ती नको होती.

पाचव्या दिवशी मी तिला एक गोष्ट सांगितली. ती मी तोवर घरात कोणालाही सांगितली नव्हती. १९८८ साली मी बँकेत लिपिक असताना एका प्रशिक्षण वर्गास गेलो होतो. ‘प्राधान्य क्षेत्राचा कर्जपुरवठा’ या विषयावर पाच मिनिटे बोलायचे होते. एम.कॉम. झालेला मी भाषण शब्दन् शब्द पाठ करून गेलो. एकूण कर्जापैकी ४० टक्के कर्ज प्राधान्य क्षेत्राला, एवढे सांगितले आणि पुढचे वाक्य आठवेना. मागचेही आठवेना. मी खाली बसलो. कोणी हसले नाही. पण त्यानंतर पदोन्नतीची प्रत्येक मुलाखत मी काही ना काही कारण सांगून टाळली. अशी अकरा वर्षे गेली. माझ्यामागून आलेले अधिकारी झाले, मी काउंटरवरच राहिलो. काम येत नव्हते म्हणून नव्हे. चारचौघांसमोर उभे राहण्याची भीती होती म्हणून.

“आजोबा, तुम्ही?” एवढेच ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी वही घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. त्या तीन आठवड्यांत आम्ही दोघांनी जे केले, ते इतर विद्यार्थ्यांच्या आणि त्यांच्या पालकांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे लिहीत आहे.

‘येते’ म्हणजे काय?

‘मला सगळं येत होतं’ हे वाक्य प्रत्येक घरात निकालानंतर ऐकू येते. ते खोटे नसते. पण त्यात एक गफलत असते. पाठ्यपुस्तकाचे पान तिसऱ्यांदा वाचताना ते ओळखीचे वाटते. या ओळखीलाच आपण ज्ञान समजतो. खात्यात रक्कम आहे असे वाटणे आणि ती काढता येणे यांत जे अंतर आहे, तेच येथेही आहे.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हरमान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्मरणशक्तीवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या स्वतः पाठ केल्या आणि काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करण्यास किती कमी वेळ लागतो, हे मोजले. या वाचलेल्या वेळाला त्यांनी नाव दिले ‘बचत’. उभी हयात बचत खाती सांभाळलेल्या माझ्यासारख्याला हा शब्द वाचून आनंद झाला नसता तरच नवल. यादी प्रथम पाठ करण्यास १०० मिनिटे लागली असे समजू. २० मिनिटांनंतर बचत सुमारे ५८ मिनिटांची, एका दिवसानंतर सुमारे ३४ मिनिटांची आणि ३१ दिवसांनंतर सुमारे २१ मिनिटांची होती. म्हणजे मोठी गळती पहिल्याच दिवशी होते. पुढे तिचा वेग मंदावतो. म्हणून पहिली उजळणी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नव्हे, तर त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी करावी. त्यानंतर तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने आणि मग महिन्याने. प्रत्येक वेळी लागणारा वेळ कमी होत जातो.

उजळणी कशी करावी, याचेही उत्तर आहे. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या संशोधकांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचावयास दिले. काही उतारे त्यांनी पुन्हा वाचले. काही न पाहता, आठवेल तसे लिहून काढले. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचलेले उतारे अधिक आठवले. आठवड्यानंतर मात्र चित्र उलटले. पुन्हा वाचलेल्यांपैकी ४२ टक्के, तर आठवून लिहिलेल्यांपैकी ५६ टक्के मजकूर स्मरणात उरला होता.

बँकेत दिवसअखेर रोकड मोजल्याशिवाय आम्ही घरी जात नसू. पुस्तकी शिल्लक काहीही म्हणो, हातातील रोकड जुळली पाहिजे. विद्यार्थ्यानेही तसेच करावे. प्रकरण वाचून झाले की पुस्तक मिटावे, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे, मग पुस्तक उघडून राहिलेले मुद्दे लाल शाईने भरावेत. ही लाल शाई म्हणजे आपली तूट. रोज दहा मिनिटांत ती कळली, तर परीक्षेच्या दिवशी कळण्याची वेळ येत नाही.

सादरीकरण म्हणजे वाचन नव्हे

नातीच्या २६ स्लाइड मी पाहिल्या. व्याख्या, उद्दिष्टे, फायदे, तोटे. सर्व काही होते. मी संगणक मिटला आणि विचारले, “बचत गट म्हणजे काय, ते मला एका वाक्यात सांग.” ती गप्प झाली. मग म्हणाली, “आजोबा, मी अजून एकही गट प्रत्यक्ष पाहिलेला नाही.”

पुढच्या आठवड्यात आम्ही मिरज तालुक्यातील एका गावी गटाच्या मासिक बैठकीस गेलो. सतरंजीवर बसलेल्या बारा स्त्रिया, मधोमध हिशेबाची वही आणि पत्र्याची पेटी. प्रत्येकीने आपली बचत जमा केली, एकीने शेळीसाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता भरला, दुसरीने मुलीच्या फीसाठी कर्ज मागितले. नातीला तिचा विषय त्या तासाभरात गवसला. नाबार्डने १९९२ साली ५०० गटांपासून बँक जोडणीचा प्रायोगिक कार्यक्रम सुरू केला, ही तिच्या स्लाइडवरची नुसती ओळ होती. आता तिला चेहरे मिळाले.

गटांची एक पंचसूत्री असते : नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित हिशेबनोंदी. नातीने ठरविले की एका हाताची पाच बोटे हाच आपल्या भाषणाचा आराखडा. २६ स्लाइडच्या सात झाल्या. तयारी करताना आम्ही जी पथ्ये पाळली ती अशी :

१. पहिली दोन आणि शेवटचे एक वाक्य पक्के पाठ करावे. मधला भाग पाठ करू नये. पाठांतराची साखळी एका कडीवर तुटते, हे मी स्वतः अनुभवले आहे. मुद्दे ठाऊक असतील तर वाक्ये आपोआप सुचतात.

२. स्लाइडवर चित्र, आकडा किंवा चार-सहा शब्द असावेत. ऐकणारा एकाच वेळी वाचू आणि ऐकू शकत नाही.

३. आकडे तीनच निवडावेत आणि प्रत्येकाचा अर्थ सांगावा. उरलेले प्रश्नोत्तरांसाठी वहीत ठेवावेत.

४. सराव उभे राहून, मोठ्याने, घड्याळ लावून करावा. मनातल्या मनात केलेला सराव नेहमी वेळेत संपतो. मोठ्याने केलेला संपत नाही. आमच्या घरी पहिल्या वेळी १७ मिनिटे लागली, मिळणार होती दहा.

५. फाइलची पीडीएफ प्रत पेन ड्राइव्हमध्ये जवळ ठेवावी. दुसऱ्या संगणकावर मराठी अक्षरे अनेकदा बिघडतात.

६. उत्तर ठाऊक नसेल तर ‘हे मी पाहून सांगते’ असे सरळ म्हणावे. काउंटरवर चुकीची माहिती देणाऱ्यापेक्षा ‘विचारून सांगतो’ म्हणणाऱ्यावर ग्राहक अधिक विश्वास ठेवतो.

भीतीचे काय? ती जात नाही. हार्वर्डमधील ॲलिसन वूड ब्रूक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात भाषणापूर्वी काहींना ‘मी शांत आहे’, तर काहींना ‘मी उत्सुक आहे’ असे म्हणावयास सांगितले होते. उत्सुक आहे म्हणणाऱ्यांची भाषणे अधिक चांगली झाली. धडधडणारे हृदय शांत होत नसेल, तर त्या धडधडीला उत्सुकता म्हणावे, इतका साधा उपाय. १९८८ साली हे मला कोणी सांगितले असते तर!

विश्रांती आणि मोबाइल

दोन रात्रींचे जागरण हेही पहिल्या फजितीचे एक कारण होते. इटलीच्या फ्रांचेस्को चिरिल्लो यांनी विद्यार्थिदशेत, १९८०च्या दशकाच्या अखेरीस, स्वयंपाकघरातील टोमॅटोच्या आकाराचे गजराचे घड्याळ वापरून २५ मिनिटे अभ्यास आणि पाच मिनिटे विश्रांती अशी पद्धत बसविली. इटालियन भाषेतील टोमॅटोच्या नावावरून ती ‘पोमोदोरो’ म्हणून प्रसिद्ध आहे. आपल्याकडे २४ मिनिटांची घटका होतीच. दोन घटकांचे म्हणजे ४८ मिनिटांचे सामायिक करणाऱ्या आजीला नात रोज पाहते. त्या वेळी आजीचा फोन दुसऱ्या खोलीत असतो, दार वाजले तरी ती उठत नाही. “तेवढंच मी अभ्यासात करून बघते,” असे नात आपणहून म्हणाली.

मात्र विश्रांती म्हणजे मोबाइल नव्हे. स्कॉटलंडमधील मिकेला ड्युअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली साठी ओलांडलेल्या व्यक्तींवर एक प्रयोग केला. प्रत्येकाला दोन लहान गोष्टी ऐकविल्या. एकीनंतर दहा मिनिटे डोळे मिटून स्वस्थ बसविले, दुसरीनंतर दहा मिनिटे संगणकावर चित्रांतील फरक ओळखण्याचा खेळ दिला. सात दिवसांनंतरही स्वस्थ बसण्यापूर्वी ऐकलेली गोष्ट अधिक चांगली आठवली. नुकतीच भरलेली रक्कम खात्यावर नोंदविली जाण्यास जसा थोडा अवधी लागतो, तसेच हे असावे. पाच मिनिटांत पाणी प्यावे, गच्चीत जावे, कुंड्यांना पाणी घालावे, नुसते बसावे. आणि झोप कधीही उधार घेऊ नये. तिचे व्याज फार मोठे असते.

उत्साह कोठून आणावा?

उत्साह आला की अभ्यासाला बसू, असे म्हणणारी मुले मी पाहतो. त्या बैठकीत नातीने एका वयस्क बाईंना विचारले होते, “दर महिन्याला पैसे भरायचा कंटाळा नाही येत?” त्या हसून म्हणाल्या, “येतोय की. पण दहा तारीख चुकवत नाही बघ.”

मला वाटते, या प्रश्नावर याहून चांगले उत्तर नाही. त्या स्त्रिया उत्साहावर विसंबल्या नव्हत्या. तारखेवर विसंबल्या होत्या. रक्कम लहान, दिवस ठरलेला, सोबतीला चारजणी आणि नोंद सर्वांसमोर. विद्यार्थ्यानेही वेळ व जागा ठरवावी, एक मैत्रीण किंवा मित्र सोबतीला घ्यावा आणि झालेल्या कामाची खूण भिंतीवरील दिनदर्शिकेवर करावी. एखादा दिवस चुकला तर खाते बंद पडत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरणा करावा.

पालकांसाठी एक सावधगिरीची सूचना. ‘नव्वद टक्के मिळव, मोबाइल देतो’ असे आपण सहज म्हणतो. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालकांवर प्रयोग केला. ज्यांना आधी बक्षीस कबूल करून चित्रे काढावयास लावले, ती मुले पुढे मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. ज्यांना बक्षीस अनपेक्षितपणे मिळाले, त्यांची आवड मात्र घटली नाही. कौतुक अवश्य करावे. पण आवडीचा सौदा करू नये.

तीन आठवडे संपले. दुसऱ्या सादरीकरणाच्या दिवशी नात सकाळी लवकर निघाली. संध्याकाळी तिने सर्व सांगितले. तिसऱ्या बोटावर ती क्षणभर अडखळली, बोटाकडे पाहिले आणि पुढे गेली. एका प्रश्नाचे उत्तर आले नाही; ‘पाहून सांगते’ म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच सांगून आली. गुण किती मिळाले हे मी विचारले नाही. बाहेरून परीक्षा देण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

रात्री झोपण्यापूर्वी ती म्हणाली, “आजोबा, अकरा वर्षांनी तुम्ही मुलाखत दिलीत, तेव्हा काय बोललात?” मी म्हणालो, “पहिलं वाक्य पाठ होतं. बाकीचं मला येत होतं.”

या वेळी त्या ‘येत होतं’चा अर्थ आम्हा दोघांनाही ठाऊक होता.