अल्फा हायड्रोजनचा माग

रक्ताच्या अहवालात 'एसजीओटी' आणि 'एसजीपीटी' ही नावे दिसली की आपण यकृताचा विचार करतो. ही दोन्ही ट्रान्सअमिनेज, म्हणजे एका अमिनो आम्लाचा अमिनो गट काढून दुसऱ्या रेणूला देणारी एन्झाइमे. हे काम करताना ती पाण्याशी हायड्रोजनचीही देवघेव करतात. ही देवघेव नीट उलगडायला अर्धशतक लागले.

1931 मध्ये हॅरल्ड युरी यांना ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन सापडला आणि अणूंवर खूण करायचे साधन हाती आले. कोलंबिया विद्यापीठात रुडॉल्फ शोनहायमर यांनी तो आणि जड नायट्रोजन वापरून दाखवून दिले, की शरीरातली प्रथिने सतत मोडतात आणि पुन्हा घडतात. 1937 मध्ये मॉस्कोत अलेक्झांडर ब्राउनस्टाइन आणि मारिया क्रिट्समान यांनी अमिनो गटाच्या स्थलांतराची क्रिया शोधली. पुढे 1947 मध्ये ब्राउनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी नोंदवले, की ट्रान्सअमिनेजच्या सान्निध्यात अमिनो आम्लाचा अल्फा हायड्रोजन, म्हणजे अमिनो गट ज्या कार्बनवर असतो त्याच कार्बनवरचा हायड्रोजन, सैल होतो.

हा हायड्रोजन एरवी कार्बनला घट्ट धरून असतो. मग तो सुटतो कसा? उत्तर ब-6 जीवनसत्त्वात होते. त्यापासून बनणारा पायरिडॉक्सल फॉस्फेट अमिनो आम्लाशी जोडला गेला, की इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो आणि हायड्रोजनचा बंध कमकुवत करतो. ब्राउनस्टाइन व शेम्याकिन यांनी 1953 मध्ये, तर अमेरिकेत मेट्झलर, इकावा आणि स्नेल यांनी 1954 मध्ये ही यंत्रणा स्वतंत्रपणे मांडली. तुटणारा बंध पायरिडॉक्सलच्या कड्याच्या पातळीशी काटकोनात उभा राहावा लागतो, हे डुनाथन यांनी 1966 मध्ये सांगितले.

सत्तरच्या दशकात एनएमआरने, म्हणजे अणुकेंद्रांचे चुंबकीय संकेत टिपणाऱ्या तंत्राने, ही अदलाबदल डोळ्यांसमोर आणली. ॲलनिन या अमिनो आम्लाच्या मिथिल गटाचा संकेत शेजारच्या अल्फा हायड्रोजनमुळे दुहेरी दिसतो. जड पाण्यात, म्हणजे साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम असलेल्या पाण्यात, एन्झाइम घातले, की अल्फा जागी ड्यूटेरियम येतो आणि ती जोडरेघ मिटून जवळपास एकच रेघ उरते. पुढे मिथिलचे हायड्रोजनही बदलले जातात आणि ती रेघही फिकी पडत जाते.

हायड्रोजन नेमका कोण उचलतो, हे 1989 मध्ये पक्के झाले. मायकेल टोनी आणि जॅक कर्श यांनी ॲस्पार्टेट ट्रान्सअमिनेजमधल्या 258व्या जागेवरचे लायसिन काढून तिथे ॲलनिन बसवले. एन्झाइम जवळजवळ निकामी झाले, पण बाहेरून साधी अमाइन संयुगे घालताच काही अंशी कामाला लागले. हायड्रोजनची ने-आण लायसिनच करते, हे सिद्ध झाले.

आज याच देवघेवीच्या बळावर स्नायूंमध्ये नवे प्रथिन किती वेगाने बनते ते मोजतात. माणसाला थोडे जड पाणी प्यायला देतात. शरीरातल्या ॲलनिनवर ड्यूटेरियमची खूण उमटते आणि ते ॲलनिन नव्या प्रथिनात गुंफले जाते. ज्या क्रियेत अमिनो आम्ल जसेच्या तसे परत मिळते, ती वरवर निष्फळ वाटते. पण एन्झाइम आतून कसे चालते, हे तिच्याइतके स्पष्टपणे क्वचितच कशाने सांगितले असेल.