लवचिकता कोणाची?

व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत ‘लवचिक मनुष्यबळ’ हा शब्द मोठ्या कौतुकाने येतो. मागणी वाढली की माणसे घ्यावीत, घटली की काढावीत. ही संख्येची लवचिकता. दुसरी कौशल्याची. एकाच कामगाराला चार यंत्रे शिकवली तर काम बदलले तरी माणूस टिकतो. पहिली स्वस्त. दुसरीला शिक्षण लागते, आणि कामगारावर विश्वास. आपल्या कारखानदारीने पहिलीच का उचलली, हे समजण्यासाठी मुंबईच्या कापडगिरण्या पाहाव्या लागतात.

गिरणीच्या दारात रोज बदली कामगार उभे असत. कायम कामगार गैरहजर असला तर आत, नाहीतर घरी. कोणाला घ्यायचे ते जॉबर ठरवी, आणि तो आपल्या गावचा, आपल्या जातीचा माणूस पाही. १९३५ साली बदली कार्डे आली, त्याचा हात थोडा आखडला इतकेच. माझ्या आजोबांची उमेद अशा बदलीतच गेली.

दारात इतकी लवचिक असलेली गिरणी आत मात्र ताठ होती. साचेखात्यात धोट्यात नवी कांडी भरताना धागा तोंडाने ओढून घेत. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालेना. म्हणून जास्त मजुरीचे हे खाते आमच्या लोकांना बंद. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. साच्यावर हात कमी पडले तरी रिंगखात्यातला महार तिकडे हलवता येत नसे! यंत्रे विलायती, पण माणसांची मांडणी गावगाड्याची. मालकांना ती गैरसोय वाटली नाही. दुभंगलेला कामगार त्यांना परवडत होता, असे माझे मत आहे.

आज जॉबरच्या जागी कंत्राटदार आला. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टील अथॉरिटीच्या खटल्यात ठरविले की, कंत्राटपद्धती बंद केली तरी कंत्राटी कामगार आपोआप कायम होत नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने कपातीसाठी सरकारी परवानगीची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली. म्हणजे पहिली लवचिकता आणखी स्वस्त झाली. पण उद्या जाणाऱ्या माणसाला कंपनी नवे यंत्र कशाला शिकवील? आणि मालातला दोष तो तरी आपणहून कशाला दाखवील? माल बदलला की पुन्हा नवी माणसे, पुन्हा पहिल्यापासून.

कार्यकर्त्यांनी आपापल्या औद्योगिक वसाहतीत एक काम करावे. भट्टी, रंगकाम, झाडलोट, गटारसफाई या खात्यांतील कंत्राटी हजेरीपट मिळवावेत, आणि शेजारी कायम कामगारांची यादी ठेवून दोन्हींतली आडनावे वाचावीत.